रुजवात कोण घेणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या जुन्या महसुली अभिलेखांचं स्कॅनिंग पूर्ण होत आल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. किती पानं स्कॅन झाली तो आकडा मथळ्यातच होता. ती पानं मूळ कागदाशी कोणी ताडून पाहिली, म्हणजे त्यांची रुजवात कोणी घेतली, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. दोष बातमीदाराचा नाही. मी हे काम जिथे जिथे जवळून पाहिलं, तिथे ताडून पाहण्याचं काम ठेक्यात धरलेलंच नव्हतं. त्याविषयी सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि नोकरीची बरीच वर्षं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात काढली. मोडी लिपी पुराभिलेख खात्याच्या प्रशिक्षण वर्गात शिकले आणि रोजच्या कामात पक्की झाली. आता निवृत्त आहे. आसपासच्या गावांतले लोक जुने कागद वाचून घ्यायला घरी येतात. पूर्वी ते कार्यालयातून घेतलेली नक्कल आणायचे, हल्ली स्कॅनचा प्रिंट आणतात. म्हणजे एकाच नोंदीची दोन्ही रूपं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि त्यांतला फरक मला दिसतो.

आधी हे स्पष्ट सांगते की मी स्कॅनिंगच्या बाजूची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत शिरलं, तेव्हा ओली दप्तरं वाळवायच्या कामावर मीही होते. भिजलेलं फेरफार रजिस्टर, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांची नोंदवही, उघडता येत नाही. पानं एकमेकांना चिकटतात, ओढली की अक्षरासकट साल निघते. पानापानात टीपकागद घालून, पंख्याखाली ठेवून, ते टीपकागद पुन्हा पुन्हा बदलून जे वाचलं ते वाचलं. निळी शाई पाण्यात उतरून पानभर पसरली होती. जुनी काळी शाई बरीच टिकून राहिली. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फायली गेल्या हे सगळ्यांना आठवत असेल. कसर, वाळवी, गळकं छप्पर, उंदीर यांच्याशी अभिलेख कक्षातली माणसं वर्षभर झुंजत असतात. त्यामुळे या कागदांची एक प्रत संगणकावर असणं किती मोलाचं आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुना सातबारा किंवा जुना फेरफार घरबसल्या निघतो, तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा एसटीचा हेलपाटा वाचतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

पण जी प्रत संगणकावर गेली ती मूळ कागदासारखी आहे का, हे पाहणारं कोणी नसेल तर त्या हेलपाट्याऐवजी माणसाच्या गळ्यात कज्जा पडतो.

आमच्या वेळी नक्कल कशी निघायची ते नव्या वाचकांना ठाऊक नसेल. अर्ज यायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प असायचा. दप्तर शोधून काढायचं, नोंद हाताने उतरवायची. नंतर दोघांनी बसायचं. एकाने नक्कल हातात धरून मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ नोंदीवर बोट ठेवून ऐकायची. अडलं की थांबायचं, दोघांनी मिळून ते अक्षर लावायचं, आणि नाहीच लागलं तर नकलेत तसं लिहायचं. मग खाली दोन सह्या व्हायच्या, नक्कल करणार आणि रुजवात घेणार. त्यानंतरच ती अस्सल बरहुकूम, म्हणजे मुळाप्रमाणे, म्हणून अर्जदाराच्या हातात जायची. साध्या आठ ओळींच्या वारस फेरफारालाही ही दुसरी सही लागत असे. आज लाखो पानांच्या स्कॅनिंगमध्ये त्या दुसऱ्या सहीची जागा कुठेच नाही.

आता स्कॅनिंगचं काम कसं चालतं ते सांगते. ठेकेदाराची मुलं येतात. चांगली, कष्टाळू मुलं असतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गठ्ठ्याची गाठ सुटते, गंजलेल्या टाचण्या निघतात, जाड रजिस्टर असेल तर शिवण उसवली जाते. पान काचेखाली किंवा कॅमेऱ्याखाली जातं आणि पुढचं काम सॉफ्टवेअर करतं. तिरपं पान सरळ करतं, कडा कापतं, ठिपके आणि डाग पुसतं, पान कोरं वाटलं तर वगळतं, आणि फाईल हलकी व्हावी म्हणून चित्र निव्वळ काळं-पांढरं करून टाकतं. छापील परिपत्रकाला यातलं काहीच बाधत नाही. शंभर वर्षांच्या हस्तलिखित दप्तराला यातली प्रत्येक गोष्ट बाधते.

काळं-पांढरं करणं म्हणजे काय, तर प्रत्येक बिंदूपुढे दोनच पर्याय ठेवायचे. एका ठरावीक मर्यादेपेक्षा गडद असेल तर काळा, फिका असेल तर पांढरा. आमच्या रजिस्टरात काळ्या शाईची मूळ नोंद असते, लाल शाईची दुरुस्ती असते, आणि नोंद प्रमाणित होण्याआधी शिशाच्या पेन्सिलने केलेली खूण असते. एखाद्या तलाठ्याने जांभळट कॉपिंग पेन्सिल वापरलेली असते. मूळ पानावर डोळ्याला हे चारही थर वेगळे दिसतात, आणि आधी काय लिहिलं, मागून काय घातलं, काय कमी केलं ते कळतं. स्कॅनमध्ये लाल आणि काळं एक होतं. शिसपेन्सिल जाते. जांभळं अर्धं राहतं, अर्धं जातं.

याचं एक उदाहरण मी स्वतः हाताळलेलं आहे. एक बाई फेरफाराचा प्रिंट घेऊन आल्या. नोंद १९५० नंतरची, बाळबोध (देवनागरी) अक्षरात, म्हणजे मोडीचाही अडसर नव्हता. खातेदार मयत, मागे तीन मुलगे, जमीन थोरल्याच्या नावे दाखल. या बाई धाकट्या मुलाची नात. थोरल्याच्या घराचं म्हणणं असं की नोंद आमच्या आजोबांच्या एकट्याच्या नावाची आहे, तेव्हा तुमचा संबंध नाही. प्रिंटवर पाहिलं तर ते खरंच वाटत होतं. पण थोरल्याच्या नावापुढे जेवढी जागा मोकळी दिसत होती, तेवढी कोणताही तलाठी सोडत नाही, कारण रकाना अरुंद आणि मजकूर जास्त अशीच नेहमीची स्थिती असते. मी त्यांना म्हटलं, मूळ रजिस्टर पाहिल्याशिवाय यावर काही बोलू नका.

कार्यालयात त्यांना सांगण्यात आलं की आता मूळ दप्तर दाखवत नाहीत, नक्कल स्कॅनवरूनच मिळेल. त्या चिकाटीच्या निघाल्या. लेखी अर्ज, मग अभिलेख निरीक्षणासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, मग वरच्या साहेबांची भेट, असं करत शेवटी रजिस्टर समोर आलं. मी सोबत होते. मोकळ्या दिसणाऱ्या त्या जागेत जांभळ्या पेन्सिलने ‘ए. कु. मॅ.’ लिहिलेलं होतं. अक्षर फिकं झालेलं, पण पान खिडकीशी तिरपं धरलं की सरळ वाचता येत होतं. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव थोरल्याचं पण जमीन तिघा भावांची. स्कॅनमध्ये नेमकी हीच तीन अक्षरं पांढरी झाली होती. त्या प्रकरणाचं पुढे काय व्हायचं ते योग्य त्या ठिकाणी होईल, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच: ज्यांना जागा मोकळी का दिसते अशी शंका येणार नाही, त्यांचं काय? २०२५ पासून राज्यात जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घेतल्या जात आहेत. नोंद कोणाच्या हक्काची आहे, हे ठरवायला अशाच जुन्या फेरफारांकडे जावं लागतं. ते पाहताना समोर रजिस्टर असणार की हा पांढरा झालेला प्रिंट?

मोडी कागदांची गोष्ट याहून नाजूक आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. वाचणारा पुष्कळसा अर्थ छोट्या खुणांवरून लावतो. त्यांतली फार महत्त्वाची खूण म्हणजे शब्द आखडता घेतल्यावर पुढे मारलेल्या दोन उभ्या रेघा. बुद्रुकचं बु॥, खुर्दचं खु॥. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द अशा जोड्या पुणे जिल्ह्यात आहेत, आणि इतर जिल्ह्यांतही आहेत. बोरूने घाईत मारलेल्या या रेघा बारीक असतात. सॉफ्टवेअर त्यांना डाग समजतं. त्या पुसल्या गेल्या की एक सुटं अक्षर उरतं आणि ते बु की खु हे विटलेल्या शाईत ठरवणं कठीण होतं. जातीच्या रकान्यात कुणबीसाठी नुसतं कु॥ लिहिण्याची पद्धत होती, तिथेही हीच अडचण. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण दाखवायलाही अशाच उभ्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. सारा आणि हिस्से आण्यांत लिहिलेले असताना त्यातली एक रेघ गेली, तर वाचणाऱ्याला आठ आणे हिस्सा चार आणे दिसतो.

पाठकोऱ्या पानांबद्दलही लिहायला हवं. पूर्वी कागद जपून वापरत. अर्जाच्या पाठीवर शेरा, शेऱ्याखाली मामलेदाराची सही, कधी पंचांची नावं आणि निशाणी अंगठे. एका बाजूला भरगच्च मजकूर आणि मागे कोपऱ्यात दोन ओळी. कोरं पान आपोआप वगळण्याची सोय चालू असेल तर अशी फिकी पाठ कोरी ठरते आणि तिचा फोटोच राहत नाही. पुढची बाजू पाहून मागे काही होतं हे कळायला मार्ग नाही. ही सोय अभिलेखाच्या कामात सरसकट बंद ठेवावी, एवढं तरी आजच्या आज करता येण्यासारखं आहे. त्यासाठी पैसाही लागत नाही. कडा कापण्याचंही तेच. फेरफाराचा क्रमांक समासात असतो आणि समासच कापला जातो.

यादीकडे येते. स्कॅन केलेलं पान सापडायचं तर त्याला गाव, नमुना, वर्ष, सर्व्हे किंवा फेरफार क्रमांक अशी ओळख लावावी लागते. ही ओळख टंकणारा मुलगा मोडी वाचत नाही, आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठी कितपत बरोबर आहे हे त्याला कळत नाही. वर्षाच्या रकान्यात १२९७ असं टंकलेलं मी पाहिलं आहे. कागदावर फसली सन, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचं वर्ष, १२९७ होतं, म्हणजे इंग्रजी १८८७-८८. आपल्याकडच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतं, हे अभिलेख कक्षातल्या कोणत्याही जुन्या माणसाने तोंडी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. आता एखाद्या वकिलाने १८८७ घालून शोध घेतला तर त्याला उत्तर मिळेल, अभिलेख उपलब्ध नाही. कागद फडताळात आहे, त्याचा फोटो संगणकात आहे, आणि तरी तो उपलब्ध नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं चौथं कलम सार्वजनिक प्राधिकरणांना अभिलेखांची सूची आणि निर्देशिका लावून ठेवायला सांगतं, आणि संगणकीकरणाची गोष्टही त्याच वाक्यात करतं. सूची चुकीची असेल तर नुसत्या फोटोने त्या कलमाचं पालन झालं असं कसं म्हणता येईल?

यंत्रावर डोळे मिटून विश्वास टाकू नये, हे केवळ मी म्हणते असं नाही. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. फाईल लहान करण्याच्या पद्धतीत यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे शोधून एकाचंच चित्र सगळीकडे लावतं, त्यातून हे घडलं. अक्षर पुसट झालं असतं तर निदान संशय आला असता. इथे चुकीचा आकडा ठसठशीत दिसत होता. कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, आणि पुढे २०१५ मध्ये जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने मूळ कागदाची जागा घेणाऱ्या स्कॅनिंगसाठी ही पद्धत वापरायला मनाई केली. आपल्याकडच्या यंत्रांत असं होतं असं मी म्हणत नाही. आपल्या ठेक्यांच्या अटींत फाईल लहान करण्याची पद्धत कोणती असावी आणि कोणती नसावी हे लिहिलेलं असावं, असं म्हणते. ज्या कागदात १ आणि ९ यांतला फरक एका शेपटीचा असतो, आणि त्या शेपटीवर गुंठ्यांचा हिशेब असतो, तिथे हे लिहिणं भाग आहे.

डिजिटल सही आहे ना, मग काळजी कसली, असं मला एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता म्हणून उत्तर देते. डिजिटल सही सांगते की ही फाईल अमुक कार्यालयाने दिली आणि नंतर कोणी तिला हात लावला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यात फाईलचा हॅश, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, लिहावा लागतो. तोही एवढंच दाखवतो की फाईल बदललेली नाही. फाईल तयार होतानाच कागदावरची तीन अक्षरं गेली असतील, तर सही आणि हॅश दोन्ही बिनचूक असूनही नोंद अपुरी राहते. आणि अशा अपुऱ्या नोंदीवर अधिकृत शिक्का बसला की ती खोडून काढणं सामान्य माणसाच्या आवाक्यात राहत नाही.

हे सगळं कसं निस्तरायचं याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. सातबारे संगणकावर चढवले तेव्हा टंकताना असंख्य चुका झाल्या. नावं बदलली, क्षेत्र बदललं, इतर हक्कातले बोजे राहून गेले. तेव्हा सरकारने २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेतलं. संगणकातला सातबारा चावडीवर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, चूक असेल तर तिथेच सांगायची. सगळ्याच गावांत ते सारख्या मनाने झालं असं नाही, पण जिथे तलाठ्याने मनावर घेतलं तिथे लोकांनी भराभर चुका दाखवल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं १५५ वं कलम लेखनप्रमाद दुरुस्त करायला होतंच. ते वापरता आलं, कारण ताडून पाहायला हस्तलिखित सातबारा शिल्लक होता. जुन्या अभिलेखांच्या बाबतीत गाव जमवता येणार नाही, कारण त्या नोंदी करणारे आणि ऐकणारे दोघेही आता नाहीत. तिथे चावडीची जागा वाचता येणाऱ्या माणसांनी घ्यायची.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी आहे. पान स्कॅन झालं म्हणजे काम झालं असं धरू नये. मोडी आणि जुनं बाळबोध हस्ताक्षर वाचणाऱ्या माणसाने मूळ पान आणि पडद्यावरचं पान शेजारी ठेवून पाहिलं, आणि रुजवातीची सही केली, की मगच ते पान पूर्ण धरावं. ठेकेदाराचं बिल त्यानंतर निघावं. आज बिल पानावर निघतं. पान जितकं लवकर उलटेल तितका फायदा, आणि थांबून पाहणाऱ्याचं नुकसान. व्यवहारच असा बांधला असेल तर काम करणाऱ्या मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. रंगीत स्कॅन, निदान ३०० डीपीआय, कोरी पानं वगळायची नाहीत, समास कापायचा नाही, डाग पुसायचे नाहीत, या अटी लिहून देता येतात. मूळ प्रत अशी जड आणि रंगीत ठेवून लोकांना देण्यासाठी हलकी प्रत वेगळी काढता येते. पण अटी पाळल्या का हे पाहायलाही शेवटी वाचणारा माणूस लागतो.

अशी माणसं कुठून आणणार, असं विचारलं जाईल. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मलाही बोलावणं आलं. रात्री उशिरापर्यंत बसून गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि शाळांची जुनी रजिस्टरं आम्ही वाचली. निवृत्त शिक्षक होते, मोडीचे वर्ग केलेली महाविद्यालयातली मुलं-मुली होत्या. त्या वेळी एक गोष्ट ठळकपणे दिसली. रजिस्टर हातात असलं की वाचन भराभर होई. काळ्या-पांढऱ्या स्कॅनवरून वाचायचं म्हटलं की पानापानाला अडत असे आणि शेवटी कोणीतरी उठून मूळ दप्तर काढून आणत असे. ते काम संपलं आणि ती सगळी माणसं घरी गेली. त्यांच्या नावांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयांत असेलच.

संगणक लवकरच मोडी वाचेल, असंही सांगतात. मला त्याचं अप्रूप आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, २०१४ सालीच जागा मिळाली, आणि २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडी पानांचं देवनागरी करणारी प्रणाली पुढे आणली. ती सुधारत जावो. पण तिलाही चित्रावरूनच वाचायचं आहे. चित्रातून खु॥ च्या रेघा गेल्या असतील तर ती कुठून आणणार? उलट ती वाचू लागेल तेव्हा तिच्यापुढे ठेवायला रंगीत, न कापलेली, न पुसलेली पानं आपण आजच तयार ठेवायला हवीत.

शेवटचा मुद्दा मूळ कागदांचा, आणि मला झोप लागू देत नाही असा हाच आहे. स्कॅन झाल्यावर गठ्ठ्यांचं काय होतं? मी पाहिलं त्या एका ठिकाणी उसवलेली रजिस्टरं पुन्हा शिवली नव्हती. सुटी पानं पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली होती. अ वर्गाचे, कायम जतन करायचे कागद होते ते. ‘आता स्कॅन झालंय, जागा मोकळी करायची आहे’, असं उत्तर मिळालं. अभिलेख नष्ट करायचे तर त्याची रीत महाराष्ट्राच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात आहे. पोत्यात घालून ओल लागू देणं म्हणजे ती रीत टाळून तेच करणं आहे. स्कॅनमधली चूक कळायचा एकच मार्ग आहे, मूळ कागद. त्या बाईंच्या प्रकरणात रजिस्टर पोत्यात गेलं असतं, तर ती जांभळी अक्षरं आज या जगात कुठेही नसती. तेव्हा स्कॅन झालेला प्रत्येक गठ्ठा पानं मोजून, शिवून, पुन्हा कापडात बांधून जागेवर गेला याचीही नोंद ठेकेदाराकडून घ्यावी. आणि ज्याला स्कॅनची शंका येईल त्याला मूळ पान पाहण्याचा आणि ते पुन्हा स्कॅन करून मागण्याचा साधा अर्ज ठेवावा. माहिती अधिकारापर्यंत जायची वेळ येऊ नये.

आमच्या तालुक्यात मोडी वाचणारे आम्ही काही जण आहोत. मानधनाचा प्रश्न आमच्यापुरता मोठा नाही, पण तरुण मुलांना ते वेळेवर मिळायला हवं. बसायला टेबल, चांगला उजेड, संगणकाचा पडदा आणि शेजारी मूळ दप्तर एवढं मिळालं तर आठवड्यातले ठरावीक दिवस आम्ही यायला तयार आहोत. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतलं तर सुरुवात गाव नमुना ६ च्या, म्हणजे फेरफारांच्या जुन्या रजिस्टरांपासून करावी, कारण वारस नोंदींसाठी सध्या सर्वांत जास्त नकला त्यांच्याच निघत आहेत.

आपली,
एक निवृत्त अभिलेखपाल
जि. सांगली